पासपोर्टचे तिसरे कारण

आमच्या कोकणातल्या मुस्लीम घरांत पासपोर्ट ही काही नवलाची वस्तू नाही. कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत, निकाहनामा आणि सातबाऱ्याच्या कागदांबरोबर तो जपून ठेवलेला असतो. मात्र तो काढण्याची कारणे दोनच. पुरुषांना आखातातली नोकरी आणि सर्वांना हज किंवा उमरा. घरातल्या बाईचा पहिला पासपोर्ट तर बहुतेक वेळा साठीच्या आसपास, हजचा विषय निघाला की निघतो. फिरायला जायचे म्हणून कुणी पासपोर्ट काढल्याचे आमच्या मोहल्ल्यात मी तरी ऐकले नव्हते.

माझे अब्बा एकोणीस वर्षे दम्मामला होते. तेवढ्या वर्षांत त्यांनी पाहिलेला परदेश म्हणजे कंपनीची बस, वर्कशॉप, एका खोलीतले सहा पलंग आणि दर दोन वर्षांनी विमानतळावरची रांग. अम्मीने परदेश पाहिला तो त्यांच्या बॅगेतून निघणाऱ्या ब्लँकेटांत आणि दूध पावडरच्या डब्यांत. कुणाला पोहोचवायचे नाही, कुणाला आणायचे नाही, दवाखाना नाही, लग्न नाही, असा एकही प्रवास दोघांनी मिळून केलेला नव्हता. गेल्या वर्षी जुलैत मी त्यांना चार रात्रींसाठी क्वालालंपूरला घेऊन गेले. तिकिटापासून हॉटेलपर्यंत सगळे घरी बसून, स्वतः केले. परतल्यावर इतक्या जणींनी ‘कसं केलंस, किती लागले’ असे विचारले, की ते एकदा नीट लिहून काढावे असे ठरवले.

सर्वांत आधी आला तो पैशाचा प्रश्न नव्हता. अब्बा म्हणाले, “हा इस्राफ नाही का?” प्रश्न रास्त होता. उधळपट्टी आपल्या दीनमध्ये नापसंत आहे आणि घरात करण्याजोगी कामे नेहमीच शिल्लक असतात. मी त्यांना एवढेच म्हटले, की शेजारच्या घरी मागच्या वर्षी साखरपुड्याच्या एका संध्याकाळी मंडप आणि बिर्याणीवर जेवढा खर्च झाला, त्याच्या निम्म्यात आपण तिघे जाऊन येऊ. कर्ज काढायचे नाही, हप्ते नाहीत, जकात आणि घरचा खर्च बाजूला ठेवून जे उरते त्यातूनच जायचे. आणि जमिनीवर फिरून, पाहून, विचार करण्याचे आवाहन कुरआनमध्ये एकाहून अधिक ठिकाणी आले आहेच. अब्बा त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या पासपोर्टची मुदत पाहिली.

पैसा आला तो अम्मीच्या भिशीतून. बारा जणींची भिशी, महिन्याला पाच हजार. तिचा नंबर लागला तेव्हा साठ हजार हातात आले, उरलेले मी साठवले. आजकाल ‘आधी फिरा, मग हप्ते भरा’ अशा जाहिराती सगळीकडे दिसतात. त्या हप्त्यांत व्याज असते, किंवा ते प्रोसेसिंग फीच्या नावाखाली लपवलेले असते. आपल्या भिशीत व्याज नाही आणि शिस्त आपोआप लागते. नव्याने बेत आखणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच, की आधी शहर ठरवू नका, आधी रक्कम ठरवा. आमची रक्कम होती तिघांसाठी एक लाख पाच हजार. मग त्या रकमेत बसणारे शहर शोधायचे.

क्वालालंपूर निवडण्याची कारणे साधी होती. मुंबईहून थेट विमानाने साधारण पाच तास लागतात. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर तिथे ३० दिवसांपर्यंत फिरण्यासाठी व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची असून ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी सध्याची स्थिती सरकारी साइटवर पाहून घ्यावी. व्हिसा नाही म्हणजे फी नाही, एजंट नाही, वाट पाहणे नाही. हलाल जेवण आणि नमाजची जागा शोधत फिरावे लागत नाही. शहरात मेट्रो आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसालाही फिरता येते. आणि आम्ही गेलो तेव्हा मलेशियाचा एक रिंगिट वीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे हिशेब तोंडी करता येत होता.

कागदांत सर्वांत जास्त वेळ गेला तो अम्मीच्या नावात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर नावापुढे ‘बी’, रेशनकार्डावर तिसरेच स्पेलिंग. आपल्या कितीतरी घरांतल्या बायकांची हीच गोष्ट आहे. पासपोर्टच्या अर्जापूर्वी आधारवरचे नाव दुरुस्त करून घेतले, मग अर्ज केला. मोठ्यांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये आहे, नव्या अर्जात ६० वर्षांवरील व्यक्तींना त्यात दहा टक्के सवलत मिळते. पोलीस पडताळणी धरून दोन महिने हातात ठेवावेत. ज्यांचा पासपोर्ट आहे त्यांनी प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने मुदत शिल्लक आहे ना, हे पाहावे. आणखी एक गोष्ट. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ची नोंद असू शकते. नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागणाऱ्या ज्या अठरा देशांसाठी ही नोंद असते, त्यांत सौदी अरेबियाप्रमाणे मलेशियाही आहे. अब्बांच्या पहिल्या पासपोर्टवर ती होती आणि तिच्यापायी त्यांनी मुंबईत कितीतरी चकरा मारल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्यांना मात्र ती लागत नाही, त्यामुळे सातवी शिकलेल्या अम्मीचा पासपोर्ट या नोंदीशिवाय आला.

तिकिटाच्या बाबतीत तारखेपेक्षा लवचीकपणा महत्त्वाचा. मे महिना, दिवाळी आणि डिसेंबरचा शेवट टाळला तर दर बरेच उतरतात. जुलैत आपल्याकडे शाळा सुरू असतात, पाऊस असतो, लोक घरीच राहतात. आठवड्याच्या मधल्या किंवा सुरुवातीच्या दिवसांची विमाने शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त पडतात. मलेशियात ईदच्या दिवसांत जाणे टाळावे, कारण तिथले लोक आपापल्या गावी जातात, गाड्या भरलेल्या आणि दुकाने बंद असतात. दर तुलनेच्या साइटवर पाहिले, पण तिकीट विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढले. पुढे तारीख बदलायची किंवा पैसे परत घ्यायची वेळ आली, तर मधला दलाल नसलेला बरा.

स्वस्त तिकिटाचा पहिला आकडा पाहून हुरळून जाऊ नये. त्यात बऱ्याचदा फक्त सात किलोची हातातली बॅग असते. चेक-इनचे सामान, आसन, जेवण, विमा यांच्या चौकटींवर कधी कधी आधीच खूण केलेली असते, ती एकेक करून काढायची. आम्ही तिघांत मिळून एकच वीस किलोची बॅग तिकिटाबरोबरच विकत घेतली. तीच विमानतळावर घेतली असती तर कितीतरी महाग पडली असती. नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच, अक्षर न अक्षर टाकायचे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर पैसे भरण्यापूर्वी विमान कंपनीला विचारून घ्यावे. सगळे धरून परतीचे तिकीट माणशी एकवीस हजार पडले.

हॉटेल निवडताना खोलीच्या फोटोपेक्षा नकाशा पाहा. आम्ही मस्जिद जामेक या स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, तिघांची एक खोली घेतली. तिथे शहरी रेल्वेच्या मार्गिका एकत्र येतात आणि मशीदही समोरच आहे. रात्रीला चौतीसशे रुपये. बुकिंग असे निवडले की ठरावीक तारखेपर्यंत रद्द केल्यास पैसे कापले जाणार नाहीत. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परदेशी पाहुण्यांकडून प्रत्येक खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर हॉटेलवर वेगळा घेतला जातो. आणि खोली दुपारी दोन-तीनलाच मिळते. रात्रीच्या विमानाने सकाळी पोहोचलात, तर सामान काउंटरवर ठेवून बाहेर पडायची तयारी ठेवा.

मलेशियात उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत प्रत्येकाचे डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावे लागते. ते सरकारी साइटवर फुकट आहे. शोधताना पैसे मागणारी एक साइट मला सर्वांत वर दिसली, तिच्यापासून सावध राहावे. प्रवास विमा घेतला, वयामुळे अम्मी-अब्बांचा थोडा जास्त पडला. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू केला आणि मर्यादा घालून ठेवली. तिथे दुकानदाराचे मशीन ‘रुपयांत की रिंगिटमध्ये’ असे विचारते. नेहमी रिंगिट निवडायचे, रुपये निवडले की दर आपल्या नुकसानीचा लागतो. थोडे रोख रिंगिट इथूनच अधिकृत मनी चेंजरकडून घेतले. परतीचे तिकीट, हॉटेल, विमा, अरायव्हल कार्ड या सगळ्याच्या छापील प्रती तीन पाकिटांत घातल्या. मोबाइल बंद पडला तरी कागद बोलतो.

हे पाकीट किती मोलाचे होते ते मुंबईच्या विमानतळावर कळले. इमिग्रेशनच्या रांगेत अब्बा गप्प झाले. शर्टाची बटणे तपासू लागले, पासपोर्ट एका हातातून दुसऱ्या हातात घेऊ लागले. एकोणीस वर्षे या काउंटरवर त्यांनी कंपनीचे नाव, व्हिसा, कफील यांची उत्तरे दिली होती. अधिकाऱ्याने विचारले, “कशासाठी जाताय?” अब्बांनी माझ्याकडे पाहिले, मग अम्मीकडे, आणि म्हणाले, “फिरायला. बायकोला घेऊन.” अधिकाऱ्याने परतीचे तिकीट आणि हॉटेलचे कागद पाहिले आणि शिक्का मारला. पलीकडे गेल्यावर अब्बांनी तो शिक्का चष्मा लावून दोनदा पाहिला.

क्वालालंपूरच्या विमानतळावरून शहरात जायला जलद रेल्वे आहे, अर्ध्या तासात पोहोचवते, पण तिचे तिकीट माणशी ५५ रिंगिट, म्हणजे तिघांचे १६५. ॲपवरून बोलावलेली ग्रॅब टॅक्सी टोल धरून ऐंशीत मिळाली आणि हॉटेलच्या दारात सोडले. एकट्या माणसाने बस घ्यावी, ती सर्वांत स्वस्त. टॅक्सीचे भाडे ॲपवर आधीच दिसते, त्यामुळे घासाघीस नाही.

पहिल्या दिवशी आराम केला आणि संध्याकाळी पेट्रोनास टॉवर्सपाशी गेलो. ४५२ मीटर उंचीचे ८८ मजली जुळे मनोरे १९९८ पासून उभे आहेत आणि त्यांच्या तळाचा आराखडा इस्लामी नक्षीतल्या आठ कोनी ताऱ्यावरून घेतलेला आहे. वर जायचे तिकीट महाग आहे. खाली बागेत बसून कारंजी पाहायला पैसे पडत नाहीत, आणि मनोरे खालूनच जास्त छान दिसतात. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय मशीद पाहिली. १९६५ साली बांधलेल्या या मशिदीचे छत घड्यांच्या छत्रीसारखे आहे. शेजारीच इस्लामी कलांचे संग्रहालय आहे. तिथे जगभरच्या मशिदींच्या लहान प्रतिकृती आहेत आणि भारतातल्या मुस्लीम कलेचे स्वतंत्र दालनही आहे. तिसऱ्या दिवशी मेट्रोने पुत्राजायाला गेलो. तलावाकाठची गुलाबी ग्रॅनाइटची पुत्रा मशीद १९९९ साली पूर्ण झाली. चौथा दिवस बाजारासाठी ठेवला. शुक्रवारी जुमा पढून रात्रीचे विमान धरले.

नमाजची सोय प्रत्येक मॉलमध्ये आणि मोठ्या स्टेशनांत असते. तिला तिथे सुराव म्हणतात. बायकांच्या खोलीत तेलेकुंग, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंतचा नमाजचा पांढरा पोशाख, खुंटीला टांगलेला असतो. कुणीही घ्यावा, नमाज पढून परत लावावा. आमच्या गावात बायका मशिदीत जात नाहीत. राष्ट्रीय मशिदीत अम्मीने आयुष्यात पहिल्यांदा इमामांच्या मागे जमातीने जोहर पढली. सलाम फिरवल्यावर ती बराच वेळ उठली नाही. शेजारच्या मलय बाईने तिच्याशी हात मिळवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी पाचेक मिनिटे काहीतरी बोलणे चालू होते. नंतर मी विचारले, “काय म्हणत होती?” अम्मी म्हणाली, “मुलं किती ते विचारत होती.”

मुसाफिरीत नमाज कसर करण्याची सवलत आहे. शाफई मताप्रमाणे येण्याचा आणि जाण्याचा दिवस सोडून मुक्काम चार दिवसांहून कमी असावा लागतो, हनफी मताप्रमाणे पंधरा दिवसांहून कमी. निघण्यापूर्वी आपल्या इमामांना विचारून घेणे चांगले.

अब्बांना मात्र दुसऱ्याच गोष्टीने हलवले. ते दुसऱ्या दिवशी फज्रला मस्जिद जामेकमध्ये गेले. १९०९ साली उघडलेली ही मशीद क्लांग आणि गोंबाक या दोन नद्यांच्या संगमावर आहे. क्वालालंपूर या नावाचा अर्थच गढूळ पाण्याचा संगम. परतले तेव्हा म्हणाले, “तिथे कुनूत पढतात. आपल्या गावासारखी.” आम्ही कोकणी शाफई, आणि मलय लोकही शाफई. दम्मामच्या मशिदींत एकोणीस वर्षे त्यांच्या कानावर फज्रची कुनूत पडली नव्हती. चौदाव्या शतकात इब्न बतूता भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून पुढे सुमात्र्यापर्यंत गेला आणि दोन्हीकडे शाफई मुसलमान भेटल्याचे त्याने नोंदवले आहे. समुद्राच्या वाटेने आलेले हे नाते पुस्तकात मी वाचले होते. अब्बांना ते एका फज्रमध्ये कळले. उरलेल्या दिवसांत ते पहाटे कुणी न उठवता निघत.

खाण्याची चिंता करू नये, पण डोळे उघडे ठेवावेत. शहरात चिनी उपाहारगृहेही पुष्कळ आहेत. दारावर मलेशियाच्या इस्लामी विकास खात्याचे, जाकिमचे, हलाल चिन्ह पाहावे. ‘डुकराचे मांस नाही’ एवढीच पाटी म्हणजे हलाल नव्हे. तमिळ मुसलमानांची ‘मामाक’ हॉटेले आपल्या इराण्यासारखी गजबजलेली असतात. तिथे पराठ्यासारखी रोटी चनाई डाळीबरोबर मिळते आणि वरून ओतून फेसाळ केलेला चहा मिळतो. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, नसी लेमाक, समोर आला तेव्हा अम्मीने एक घास घेतला आणि म्हणाली, “हे तर आपलंच.” तिघांचे दिवसाचे खाणे दीडशे रिंगिटमध्ये भागत होते.

आता हिशेब. विमान ६३,००० रुपये, हॉटेल १३,६००, पर्यटन कर ८००, स्थानिक प्रवास ६,२००, जेवण १२,०००, संग्रहालयाचे तिकीट आणि सिमकार्ड ३,०००, विमा ३,०००. एकूण १,०१,६०० रुपये, म्हणजे माणशी चौतीस हजारांच्या आत. गावाहून मुंबईपर्यंतचे भाडे आणि नातेवाइकांसाठी घेतलेल्या वस्तू यात नाहीत. दर बदलतात, तुमचा आकडा थोडा वेगळा येईल. पण रकाने हेच राहतील. वहीच्या एका पानावर ते आखा, समोर आपले आकडे घाला. बेरीज झेपत असेल तर पुढे जा, नसेल तर शहर किंवा महिना बदला.

हजची नियत आमच्या घरात कायम आहे आणि तिचे पैसे वेगळे साठत आहेत, त्यांना हात लावलेला नाही. मात्र या चार दिवसांनी एक फरक पडला. विमानतळ, इमिग्रेशन, परक्या शहरातली मेट्रो, कार्डाने पैसे देणे हे सगळे अम्मीने एकदा पाहून घेतले. आता हजच्या गर्दीत आपण हरवू, ही तिची भीती पुष्कळ कमी झाली आहे. मेट्रोच्या तिकिटाचे मशीन शेवटच्या दिवशी तिनेच चालवले होते.

गेल्या महिन्यात भिशीच्या बैठकीला अम्मी माझे ते हिशेबाचे पान घेऊन गेली. एकीने विचारले, नवरा नाही म्हणाला तर? दुसरीने विचारले, माझ्या आधारवर नाव चुकलंय, आधी ते करू का? अम्मी म्हणाली, “आधी तेच कर. बाकीचं होतं, इन्शाअल्लाह.” नवी भिशी पंधरा जणींची ठरली आहे आणि त्यातल्या चौघींनी आधार केंद्रावर नंबर लावला आहे.